खात्याचं म्हणणं

आमच्या हवामान खात्यात अंदाजाखाली कुणाचंही नाव छापत नाहीत. फार पूर्वी बंदर, विमानतळ आणि शेतकी अशा तीन कचेऱ्या आपापला अंदाज काढायच्या, खाली साहेबांची सही. लोक सोयीचा साहेब निवडायचे. बंदरवाले पाऊस म्हणाले, की कपडे वाळत घालणाऱ्यांचा विमानतळावर विश्वास बसायचा. शेवटी तिन्हींची मोट बांधून एक खातं केलं आणि ठरलं, बोलेल ते खातं. शिवाय बैठकीत नवख्याने आधी बोलायचं, प्रमुखाने शेवटी. नाहीतर सगळे साहेबाचीच री ओढतात.

प्रमुख मी आहे. एकदा समुद्रात वादळ उठलं. त्या सकाळच्या बैठकीत खात्यात नुकतीच लागलेली मुलगी म्हणाली, ते किनाऱ्याला शिवणार नाही, बाहेरच्या बाहेर वळेल. पुढच्या प्रत्येकाने तेच सांगितलं. मला ते पटेना, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. किनाऱ्यावरच्या सखल वस्तीत माझा धाकटा भाऊ राहतो. मागे दोनदा आम्ही ती वस्ती रिकामी करायला लावली आणि दोन्ही वेळा झाडाचं पानही हललं नाही. तेव्हा त्याने मला झाडलं होतं, "ताई, आता तू स्वतः न्यायला आलीस ना, तरी मी हलणार नाही."

भाऊ तिथे नसता तर मी काय केलं असतं, हे स्वतःला विचारून पाहिलं. वादळ वळेल या अंदाजाची सगळी भिस्त एका जहाजाने कळवलेल्या वाऱ्यावर होती. तेवढ्या भरवशावर मी कुणाच्याच भावाला तिथे राहू दिलं नसतं. मी इशारा द्यायला सांगितला.

"मॅडम, उद्या पेपरवाले सालटी काढतील," उपप्रमुख म्हणाले.

"माझी काढतील."

"आमचीही. नाव खात्याचं आहे."

इशारा रेडिओवर गेल्यावर मी भावाच्या घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. दुपारभर लावत होते, कुणी उचलेना.

संध्याकाळी घरी पोचले, तर दारात भाऊ, बॅग आणि फुगलेलं तोंड.

"तुझं ऐकून आलेलो नाही," तो आधीच म्हणाला. "तू लहानपणापासून भित्री. पण खात्यात एवढी शिकलेली माणसं आहेत. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणी असं सांगतं होय?"

"आत ये," मी म्हणाले. मी त्याची बॅग उचलली.

सकाळी वादळ वळलेलं होतं, त्या मुलीने सांगितलं होतं अगदी तसंच. रेडिओवर आमची यथेच्छ टिंगल चालली होती. मला लाज वाटत होती, आणि समोर बसून तो मजेत चहा पितोय याचा आनंदही लपवता येत नव्हता.

"तोंड पाडून काय बसलीस?" तो म्हणाला. "चुकलं ते खातं. तुझा काय दोष?"

"पुढच्या वेळी येशील?"

तो वैतागला. "खात्याने सांगितलं तर यावंच लागेल की. तू सांगितलंस तर नाही."