माझा बुधवार

मुलाखतीला येताना मागितलेली सुट्टी सोबत आणावी, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून मंगळवारी दुपारी मी माझा बुधवार चादरीसारखा घडी घालून पिशवीत भरला आणि शिरोलीच्या बसमध्ये चढले. दिवस वजनाला हलका असतो. शेजारचा माणूस त्यावर टेकणार नाही एवढंच बघावं लागतं.

तिथल्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं आहे. गुणवत्ता विभागाचे प्रमुख तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांचं सगळं काम मी करते. दारावरच्या पाटीवर मात्र अजून त्यांचंच नाव आहे. जागा भरायचं ठरलं तेव्हा मी अर्ज केला आणि खाली एक ओळ लिहिली: सहाऐवजी पाच दिवस काम करीन, बुधवारी येणार नाही.

टेबलापलीकडे दोघं होती. संचालक चितळकर साहेब आणि मनुष्यबळ विभागाच्या उपासनी मॅडम.

"इंगवले बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही पास केलेला माल आजवर परत आलेला नाही. पण प्रमुखानंच आठवड्यातून एक दिवस गायब व्हायचं, म्हणजे..."

"गायब कुठं? घरी असणार."

"मीही बाईच आहे, मला कळतं," उपासनी मॅडम म्हणाल्या. "बघू तरी तुमचा बुधवार."

मी तो भिंतीला लावून उलगडला. तो छतापर्यंत गेला. मधोमध आमच्या मागच्या खोलीचं निळं दार होतं. मॅडमनी कडी काढली आणि दोघं मला न विचारता आत शिरली. पायातलंही काढलं नाही.

आत माझे वडील, आबा, खाटेवर उशीला टेकून बसले होते. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. एरवी शेजारच्या मालूताई त्यांच्यापाशी बसतात. बुधवारी आम्ही दोघं शब्द शिकतो. एका बुधवारी एक शब्द, तोही टिकला तर. पाणी, चष्मा, दुखतंय एवढे टिकलेत. माझं नाव अजून अर्धंच येतं.

"ऐसपैस आहे की," साहेब म्हणाले. "दिवसभर तुम्ही हे एवढंच करता?"

"एवढंच."

"मग निम्मा रिकामाच पडून असतो."

त्यांनी बाहेरचं टेबल ओढून आत आणलं आणि आबांच्या खाटेला भिडवलं. टेबल आत आलं तसा बुधवार आखडला. सकाळ दुपारवर चढली. खिडकी एका पुस्तकाएवढी झाली. आबांनी पाय पोटाशी घेतले.

"हे बघा, बुधवार तुम्हाला दिला," साहेब म्हणाले. "पाहिजे तर लेखी देतो. तुम्ही अजिबात येऊ नका, आम्हीच इथं येत जाऊ. फक्त पंधरा मिनिटं."

"मग ही सुट्टी कसली?"

"घरीच आहात ना तुम्ही?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

भिंत माझ्या खांद्याला येऊन टेकली. एकोणीस वर्षांत मी कारखान्यात आवाज चढवला नव्हता. भट्टी बिघडली तरी नाही, माझ्या अहवालावर दुसऱ्यानं सही ठोकली तेव्हाही नाही. तो सगळा आवाज एकदम घशाशी आला. "चालते व्हा इथून!" मी ओरडले. पण खोलीत जागाच उरली नव्हती, त्यामुळे तो आवाज टेबलावर पडून राहिला. मॅडमनी तो फाइलनं बाजूला सारला.

"शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. "या अटीवर चालेल?"

मी टेबल मागं ढकलायला लागले.

"चालेल, साहेब."

आबा बोलले होते. स्वच्छ, एका दमात, सूतगिरणीत चाळीस वर्षं म्हणत आले तसं. दीड वर्षातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. त्यांचा चेहरा उजळला होता आणि ते शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होते.

"इंगवल्यांचा होकार," मॅडमनी लिहून घेतलं. आडनाव आमचं एकच आहे.

"शाब्बास, आबा," मी म्हणाले. मी त्यांना पाठीवर घेतलं, टेबलावर चढले आणि त्या दोघांचे कागद तुडवत दारापर्यंत गेले. मॅडमनी माझा पदर धरला. मी तो हिसकला, बाहेर पडले आणि दार ओढून कडी घातली.

मुलाखतीच्या खोलीत टेबल नव्हतं, खुर्च्या तेवढ्या होत्या. आबांना मी साहेबांच्या खुर्चीत बसवलं. आतून थापा पडायला लागल्या.

"इंगवले बाई, उघडा. पंधरा मिनिटं कधीच झाली."

मी बुधवार भिंतीवरून काढून घडी घालायला गेले. पण आत माणसं असली की दिवसाची घडी पडत नाही.

शिपाई तुकाराममामा सह्यांची फाइल घेऊन डोकावले. "साहेब कुठायत?"

"माझ्या बुधवारात."

"उघडणार कधी?"

"कधीच नाही."

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज मंगळवार आहे, बाई. उद्या बुधवार आपोआप उजाडेल," ते हळूच म्हणाले आणि खोलीचं दार लोटून निघून गेले.

मी निळ्या दाराला पाठ लावून टाचा रोवल्या. थापा थांबल्या. आत कोणीतरी आबांच्या खाटेवर सरकून नीट बसलं. मग दाराखालच्या फटीतून बुधवारचं ऊन बाहेर आलं आणि माझ्या टाचांवरून आबांच्या खुर्चीकडे सरकायला लागलं.