भाग्यश्री सेटिंग करते

मोशीच्या भिमाजींना कुणी मुलीबद्दल विचारलं, की ते आधी सावरून बसायचे. त्यांची भाग्यश्री चाकणच्या एका कंपनीत सेटर होती. लेथ मशीनवर टूल बसवून, माप जुळवून पहिला नग बिनचूक काढून द्यायचा, हे तिचं काम. त्या खात्यात तेवीस पुरुष आणि ती एकटी. भिमाजींना मशीनमधलं फारसं कळत नसे, पण या कामाला सेटिंग म्हणतात, एवढं त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

त्या रविवारी काळेवाडीहून पाहुणे आले. मुलगा समाधान, आणि त्याला आईच्या माघारी वाढवणाऱ्या सुमनआत्या. पोहे खाता खाता आत्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"सेटिंग करती," भिमाजी म्हणाले.

आत्यांचा चमचा थांबला. "म्हणजे?"

"आधी कंपनीतल्या नवनाथ सरांबरोबर करायची. आता सरच म्हणत्यात, पोरगी माझ्याबी पुढं गेली. एका टायमाला तीन-तीन सेटिंगा संभाळती."

समाधानने तोंडाला रुमाल लावला. आत्या कॅलेंडरकडे बघू लागल्या. "आणि तुम्हाला चालतं हे?"

"न चालायला काय झालं? सुट्टीच्या दिवशीबी बोलावत्यात कधी. आमी न्हाई म्हणत न्हाई."

भाग्यश्री चहा घेऊन दारात आली होती. हसू दाबत तिने ट्रे खाली ठेवला. "आत्या, मशीनची सेटिंग. लेथ मशीनची."

"अगं, मग तसं म्हणायचं," आत्यांचा जीव भांड्यात पडला. "आमच्याकडे पोरापोरींचं जमलं, की त्याला सेटिंग म्हणतात."

भिमाजींचा चेहरा उतरला. ते बघून आत्यांनाच वाईट वाटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, "आमचा समाधानही कंपनीतच आहे, स्टोअरला. सहज नाही लागली हो नोकरी. त्याच्या मामांनी सेटिंग लावली, तेव्हा कुठे."

आता समाधानला रुमाल पुरेना.

"म्हणजे तुमच्याकडेही सेटिंग आहेच," भाग्यश्री त्याला म्हणाली. "फक्त माझी मलाच लावावी लागते."

"खरंय," समाधान म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही, हे तिने पाहिलं.

निघताना आत्या रिक्षात बसल्या, तरी तो फाटकापाशीच रेंगाळला. "पहिलाच नग चुकला तर काय करता?"

"बाजूला टाकते, आणि कुठे चुकलं ते शोधते."

"कुणावर ढकलत नाही?"

"ढकलायला माझ्या मशीनवर दुसरं असतं कोण?"

पाहुणे गेल्यावर भिमाजी ओट्यावर डोकं धरून बसले. "गावभर सांगितलं गं मी. देवळात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. लोक हसत व्हते, मला वाटायचं कौतुकानं हसत्यात."

"कौतुकही होतंच की, आबा."

"तुला म्हाईत व्हतं? मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही इतकं छाती फुगवून सांगायचात," ती त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "मला नाही जमलं."

भिमाजींनी डोक्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "तीन मशीनी संभाळतीस, हे तरी खरं ना?"

"आता चार."

बुधवारी आत्यांचा होकार आला. भाग्यश्रीने लगेच हो म्हटलं नाही. दोन रविवार ती समाधानला इंद्रायणीच्या घाटावर भेटली, भरपूर बोलली, तो ऐकून घेतो का ते पाहिलं. तिसऱ्या रविवारी तिने आबांना साखरपुड्याची तारीख काढायला सांगितली.