शिळाछापाचा दगड आणि चोरीला गेलेले अक्षर

“आमच्या छापखान्याचे अक्षर परक्यास चोरून देणारा लेखनिक कुशाबा यास कामावरून दूर केले आहे. सद्गृहस्थांनी त्यास थारा देऊ नये.” १८९४ च्या वैशाखात हे जाहीरपत्रक गिरगावातल्या भिंतींवर लागले. खाली नाव आमच्या मालकांचे, हरेश्वरपंतांचे.

मित्रांनो, या दोन वाक्यांत सत्य एवढेच आहे की कुशाबाला दूर केले. बाकीचे मी तपासून दाखवतो. मी एक जुना दगड आहे, शिळाछापाचा, आणि त्या छापखान्याच्या असंख्य ओळी माझ्या पाठीवरून गेल्या आहेत.

जर्मनीतल्या खाणीतून मला बोटीने मुंबईत आणले आणि वाळूपाण्याने घासून गुळगुळीत केले. कुशाबा चिकट शाईने कागदावर लिही. तो कागद माझ्यावर दाबला की अक्षरे उलटी होऊन अंगात मुरत. मग छपाईचा गडी धोंडू मला ओले करून शाईचा रूळ फिरवी आणि पान सुलट छापले जाई. पोथी संपली की मला पुन्हा घासून कोरे करीत. व्याकरण, वैद्यक, वेदान्त मी असाच शिकलो आणि असाच विसरलो. विस्मरणाची इतकी शिस्तबद्ध सोय कोणत्याही पंडिताला लाभली नसेल.

लोक पोथी हातात घेऊन म्हणत, काय सुरेख छाप आहे. ती स्तुती मी स्वतःकडे घेत असे, पंत स्वतःकडे. कुशाबाकडे ती कधी पोचलीच नाही.

पलीकडच्या गल्लीत उत्तमरावांचा छापखाना होता, शिशाच्या खिळ्यांचा. प्रत्येक अक्षराचा सुटा खिळा. जुळवा, छापा, सोडवा, पुन्हा जुळवा. त्यांचे चुकले तर एक खिळा बदलायचा, माझे चुकले तर अंग खरवडायचे. त्या शिशाचा मला जळजळीत मत्सर वाटे. समाधान इतकेच की त्यांची अक्षरे बेढब होती, वेलांट्या तर उसवलेल्या.

एकदा कुशाबानेच सुचवले, “पंत, माझ्या वळणाचे खिळे आपणच पाडून घेऊ. उत्तमराव आज ना उद्या सुधारणारच.”

“घरी गंगा आली असता विहीर कशाला खणायची रे?” पंत हसले.

मला परमानंद झाला. छापखाना बुडाला तरी चालेल, पण शिसे घरात नको, हे माझे व्यापारी धोरण. पंतांचे याहून फारसे शहाणपणाचे नव्हते. शाईची कृती त्यांनी पेटीत कुलूपबंद केली होती. ती गिरगावातल्या प्रत्येक छापखानदाराला पाठ होती. परका दारात दिसला की आम्हा दगडांवर गोणपाट पडे. ज्या मनगटावर सारा डोलारा उभा होता, त्याचा मात्र त्यांनी कधी विचारही केला नाही.

१८९२ च्या दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी कुशाबाने सगळी मुळाक्षरे आणि जोडाक्षरे एका मोठ्या कागदावर लिहिली. पूजा माझ्याच पाठीवर मांडली होती. उत्तमराव सोने द्यायला आले, तेव्हा कुशाबा प्रसाद आणायला आत गेला होता. पंतांनी आपट्याच्या पानाबरोबर तो कागदही पाहुण्यांच्या हातावर ठेवला.

“घ्या, हे आमचं सोनं. तुमच्या शिशात उतरतं का बघा.”

उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी कागद बराच वेळ न्याहाळला, घडी करून उपरण्यात बांधला आणि नमस्कार करून गेले.

दीड वर्षाने, पाडव्याला, नव्या खिळ्यांत छापलेले त्यांचे पंचांग निघाले. कोकणातून आलेल्या धोंडूला अक्षरओळख नव्हती. त्याने पान उजेडात धरले. “माका वाचूक येणा नाय, पंतानू, पण हात वळखूक येता. ह्यो आमच्या कुशाबाचो हात.”

महिन्याभरात आमची गिऱ्हाइके पलीकडच्या गल्लीत गेली. पंतांना गुन्हेगार हवा होता आणि कुशाबा हाताशी होता. त्याला घालवल्यावर जाहीरपत्रक लिहायला कोणी उरले नाही, म्हणून ते बाहेर छापून घेतले, तेही उत्तमरावांकडून ते नवे खिळे विकत घेतलेल्या छापखान्यात. कुशाबाला चोर ठरवणारा मजकूर कुशाबाच्याच अक्षरांत गिरगावभर झळकला.

दोन महिने त्याच्या हातात कोणी लेखणी दिली नाही. त्याने घराबाहेर पडणे सोडले. मग एका दुपारी त्याची बायको मंजुळा आली. धोंडू मला घासत होता. तिने त्याला थांबायला सांगितले.

“कागद कोणी दिला ते उत्तमरावांनी मला सांगितलंय, पंत. ते तुमच्या तोंडून ऐकायला आलेय. धोंडूभाऊंच्या समोर. माझा माणूस मान वर करून रस्त्याने चालायला हवा.”

पंत माझ्या शेजारच्या दगडांच्या थप्पीवर बसले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणणार नाही. मी एखाद्या मोरीची फरशी म्हणूनही खपेन. ज्या हाताने तुमचे नाव झाले तो हात ओळखा, आणि तो काही नवे सुचवील तेव्हा ऐका. मी ऐकले नाही, मत्सराने आंधळा झालो होतो. पंतांचे काय झाले होते, ते त्यांनीच मंजुळेला सांगितले. धोंडूने ते शब्द पुढे वाडीवाडीतून सांगितले. मी ते जसेच्या तसे देतो.

“कागद मीच दिला, वहिनी. उत्तमरावाने बघून जळावं म्हणून दिला. तो जळला नाही, शिकत बसला. जळायला मीच उरलो, आणि नाव मात्र कुशाबाचं लावलं.”