भज्यांच्या तेलाचं डिझेल करणारा मायक्रोवेव्ह

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे. हिंगणघाटच्या एका कॉलेजात जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या ढिगात पडून आहे. माझ्या पोटात भाजीची वाटी कधी फिरलीच नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भावनाने मला आणलं तेच डोक्याला भोक पाडायला.

त्या भोकातून तिने काचेची नळी बसवली. आत तळणाचं तेल, मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा. शेगडीवर ज्याला तासभर लागे, ते माझ्याकडे काही मिनिटांत होई. वर पिवळं बायोडिझेल तरंगे, खाली ग्लिसरीनचा गाळ बसे. त्या डिझेलवर कॉलेजचा पाण्याचा पंप धडधडला, तेव्हा मुलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो.

तेल यायचं अल्लीपूरहून. भावनाची आई जिजाबाई तिथे भज्यांची गाडी लावतात. एके दिवशी बाहेरचे पाहुणे प्रयोग बघायला येणार होते. त्यांना पटलं तर काम चालू राहणार, नाहीतर प्रयोगाची खोली हातची जाणार. म्हणून जिजाबाई स्वतःच तेल घेऊन आल्या.

"साहेब लोकं येऊन राह्यले, कळकट कॅन कशी आनू? राखेनं घासली, धुतली, मंगच तेल ओतलं."

पाहुण्यापुढे मळकं भांडं न्यायचं नाही, ही त्यांची जन्माची रीत. पण कॅनच्या तळाशी पाणी राहिलं होतं. एरवी भावना तेल आधी तापवून पाणी उडवून टाकी. त्या दिवशी पाहुणे लवकर येऊन बसले आणि तिने घाई केली. तेलात पाणी असलं की डिझेलऐवजी साबण होतो. माझ्या पोटात चिकट लगदा झाला.

"काऊन फसलं मॅडम?" एका पाहुण्याने विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर कोरडं तेल घेऊन पुन्हा करून दाखवता आलं असतं. भावनाने कॅनकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे. जिजाबाई कौतुकाने बघत होत्या.

"मशीन खराब झाली सर," ती म्हणाली.

पाहुणे उठले. आठवड्याभरात खोली गेली. भावनाने पुन्हा डिझेलचा विषय काढला नाही, हे मला फार लागलं. प्रयोग फसला त्या दिवशी जाताना जिजाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या डब्ब्यानं माह्या लेकीचा घात केला." मी ऐकून घेतलं.

मित्रांनो, एखादी वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा वायर लावून बघत जा. मी अजून चालतो. फक्त जिजाबाई समोर असताना मला लावू नका.