झरीच्या मिरचीवालीचं चित्र

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मानवतच्या रामकिशनशेठचा विडीचा धंदा. त्याला सुचलं, सिगारेटच्या पाकिटातून पूर्वी मडमांची रंगीत चित्रं निघायची, तशी आपल्या विडीच्या बंडलात का नकोत? त्यानं चित्राचं काम दिलं मार्तंड पेंटरला, आणि मार्तंडनं बाजारात बघितलेली एक बाई काढली. डोईवर पदर, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, ओठांत हसू. चित्र बाकी नामी उतरलं! पण ती हुबेहूब झरीची कस्तुराबाई होती, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

कस्तुराबाई विधवा, झरीच्या बाजारात मिरची विकून लेकरं पोसणारी. आता जो तो तिला खिशात घेऊन हिंडायला लागला. पोरं चित्रं जमवायची, बाप्ये खिदळायचे. दीर आश्रुबानं फर्मान काढलं, की बाजार बंद, घरात बसायचं. घरात बसून लेकरांना काय माती चारायची? बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मिरचीचं पोतं उचललं आणि थेट मानवत गाठलं.

शेठनं आधी हसण्यावारी नेलं, मग लुगडं देऊ केलं. चित्रं परत घेता येणार नव्हती, ती गावोगाव पोचली होती.

"मग इथून पुढं चित्राच्या मागं माझं नाव छापा," बाई म्हणाली. "झरीच्या बाजारातली कस्तुराबाईची मिरची. माझ्या तोंडावर तुमची विडी खपायलीय, माझी मिरची बी खपू द्या."

शेठ उखडला. आपल्या खर्चानं दुसऱ्याची जाहिरात? जमणार नाही म्हणाला.

बाई दुकानाच्या ओट्यावरच बसली. पोतं सोडलं आणि वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायला लागली. अहो, काय तो खकाणा! शेठ शिंकला, मुनीम शिंकला, गिऱ्हाईक पायरीवरूनच माघारी फिरलं. तिचेही डोळे गळत होते, पण हात काही थांबेनात. दुपारी शेठनं नाकाला उपरणं लावून मार्तंडला बोलावणं धाडलं.

पुढच्या छपाईला चित्रामागं नाव आलं. बाजाराच्या दिवशी आश्रुबा तिला उठवायला तावातावानं आला, तर तिच्यापुढं पार ताडकळसपासूनची माणसं उभी. त्यातला एकजण चित्र बघायचा, बाईकडं बघायचा आणि दात काढायचा. कस्तुराबाईनं तराजू उचलला.

"व्हय, मीच हाय ती. किती तोलू?"

त्याचं हसू जिरलं. त्यानं शेरभर मिरची घेतली. मग ती दिराकडं वळली.

"भाऊजी, बघत काय ऱ्हायले? दुसरं पोतं सोडा."

आश्रुबानं खाली बसून पोत्याची गाठ सोडली.