दोनशे बारा क्रमांकाचं घर

मी प्रश्नावली बोलतेय. चार पानांची, भरलेली. मला बघून नाक मुरडलंत तरी चालेल. माझी मलाच किळस येते.

जन्म मात्र चांगल्या हातून झाला. लोकप्रशासनाच्या एम.ए.च्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला तीन आठवडे खपून लिहिलं. 'पाणी पुरेसं मिळतं ना?' हा प्रश्न त्यांनी खोडला. मुलांना म्हणाल्या, "या 'ना'नं उत्तर आपणच लोकांच्या तोंडात कोंबतो. काल नळाला किती वेळ पाणी होतं, ते विचारा."

घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. "दार बंद असलं तर पुन्हा जा. शेजारच्या घरात शिरू नका," हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. माझ्या वाट्याला टेकडीवरच्या वस्तीतलं दोनशे बारा क्रमांकाचं घर आलं.

तिथे मला कुणी नेलंच नाही.

वर्गात 'साहेब' म्हणून मिरवणाऱ्या पोरानं टेकडीसाठीच्या आम्हा तीस जणींना कॅन्टीनच्या चिकट टेबलावर पसरलं. "या उन्हात टेकडी कोण चढणार? तू माणसं सांग, मी पाणी सांगतो," तो मैत्रिणीला म्हणाला.

"पाच माणसं. एक आजी घाल, म्हणजे खरं वाटेल."

"पाणी दोन तास. एकदम समाधानी!"

खिदळत खिदळत त्यांनी माझ्या पोटात अख्खं खोटं कुटुंब भरलं. मला मळमळत होतं, पण कागदाला ओकता कुठे येतं!

बाई तेव्हा आजारी होत्या. विभागप्रमुखांनी आकड्यांची मोळी बांधून अहवाल पाणी खात्याकडे धाडला. नळाला पाणी आहे म्हणून खात्यानं टेकडीचा पाण्याचा टँकर बंद केला.

बाई परतल्या आणि चमकल्या. तीसच्या तीस घरांत बरोबर दोन तास पाणी? मला पिशवीत घालून त्या स्वतः टेकडी चढल्या. दार एका आजोबांनी उघडलं. बाईंनी मला वाचून दाखवलं.

"पाच माणसं?" आजोबा म्हणाले. "अहो, मी एकटाच आहे. ही जाऊन चार वर्षं झाली. आणि नळ दोन महिने कोरडाय."

बाईंची मान खाली गेली.

"अहवाल गेलाय. आता कशाला उकरून काढताय? पोरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे," विभागप्रमुख म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. 'आकडे खोटे आहेत, चूक माझ्या वर्गाची,' असं पत्र त्यांनी खात्याला लिहिलं. टँकर सतराव्या दिवशी आला. साहेब फेरपरीक्षेत पास झाला आणि आता खरोखरीचा साहेब आहे. शी!

दर वर्षी बाई मला नव्या वर्गात फिरवतात. "यात काय चुकलंय?" मुलं टक्केवारी तपासतात, माझं अक्षर वाखाणतात. त्या घरी कुणी गेलं होतं का, हे विचारायला बहुतेकांना तास संपेपर्यंत सुचत नाही.

बाबांनो, जायचं नसेल तर मला कोरी ठेवा. 'माहीत नाही' एवढं तरी कोरा कागद खरं बोलतो.