मंगळावर कोण कोण जाणार

महिपतीने छत्री मिटून शेडच्या भिंतीला टेकवली, धोतराचा ओला सोगा पिळला आणि आत पाहिलं. भिमाजी हमाल ताडपत्री अंथरत होता. एक टोक त्याच्या पायाखाली होतं, दुसरं हातात, आणि मधली सुरकुती तो झटके देऊन काढत होता. त्याने मान वर केली, महिपतीकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

महिपती एक पाऊल मागे सरकला. पण मागे पाऊस होता, आणि सभेचे अध्यक्ष, एक निवृत्त मामलेदार, समोरून हात पुढे करून येत होते.

"या मास्तर, या. मंगळाचे वकील आले!"

लोणावळ्याच्या रेल्वेतल्या माणसांचा गणपती मालधक्क्याच्या शेडमध्ये बसे. भजन, कीर्तन, आणि एका संध्याकाळी वादविवाद. १९२४ सालच्या त्या भाद्रपदात विषय शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. श्रावणात मंगळ इतका जवळ आला होता की शंभर वर्षांत आला नसेल, असं पुण्याची वर्तमानपत्रं रोज छापत होती. तिथे कालवे आहेत, म्हणजे माणसंही असावीत. नसली तर आपण जावं, अशी पत्रं वाचक लिहीत होते. लोणावळ्यात मात्र आषाढापासून आभाळ मिटलेलं होतं. मंगळ जवळ आला आणि लांब गेला, इथे तो कुणालाच दिसला नाही. तरी फळ्यावर खडूने विषय लिहिला गेला : 'माणसाने दुसऱ्या ग्रहावर जाऊन वस्ती करावी काय?' करावी, असं सांगायला शाळेतला महिपती मास्तर. करू नये, असं सांगायला स्टेशनातला तारबाबू बजरंग.

भिमाजी इथे हमाली करतो हे महिपतीला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणून गाडीला जायचं तर तो मागच्या फाटकाने जाई.

दोघेही भोकरठाणचे. भोकरठाण धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला आठ वर्षं होत आली होती. महिपतीचे वडील रखमाजी तिथले पाटील. जमिनीच्या कागदावर पहिली सही त्यांची. सही करून ते गावाला म्हणाले होते, मी पुढे जातो, सगळ्यांना पुरेल अशी जागा धरतो, निरोप धाडतो, मग तुम्ही या. त्यांच्या शब्दावर तीस घरांनी अंगठे उठवले. रखमाजी कामशेतजवळच्या कान्ह्याला गेले. निरोप आला नाही, पाणी आलं. ज्याचा जिथे नातलग होता तिथे तो गेला. महिपती त्या वेळी पुण्यात मास्तरकीचं शिक्षण घेत होता. त्याला ही हकीकत कामशेतच्या बाजारात कळली. भाजी विकणाऱ्या एका बाईने त्याला ओळखलं आणि शेजारणीला सांगितलं, "ह्येच्या बापानं गाव बुडवलं. पानी मागनं आलं."

तेव्हापासून तो कान्ह्याला दिवाळीपुरता जाई, आणि वडिलांशी पाऊस, भात आणि बैल यांपलीकडे बोलत नसे.

सभा सुरू झाली. पुढे बाबूलोक बाकांवर, मागे ताडपत्रीवर हमाल, सांधेवाले, इंजिनात कोळसा घालणारे. महिपती बोलायला उभा राहिला. आपल्या आजोबांना कुणी सांगितलं असतं की या घाटातून आगगाडी वर चढेल, तर ते हसले असते, असं तो म्हणाला. माणूस नदीकाठून डोंगरात गेला, डोंगरातून समुद्रापार गेला. पुढचं पाऊल आभाळात पडणार. तो चांगलं बोलत होता, फक्त मागच्या रांगांकडे बघत नव्हता.

बजरंगने लोकांना हसवायला घेतलं.

"चतुर्थीचा एक चंद्र पाहिला तर माणसावर चोरीचा आळ येतो. मंगळाला चंद्र दोन! तिथे सगळं गाव तुरुंगात जाईल." हशा ओसरू देऊन तो महिपतीकडे वळला. "मास्तर, थट्टा सोडा. घर, शेत, देव, सगळं टाकून कायमचा गेला आणि सुखाने राहिला, असा एक माणूस मला दाखवा. एकच. मी इथेच हार मानतो."

महिपती ताडकन उठला.

"एक कशाला, तीस घरं दाखवतो. लांबची नाहीत, आपल्या मावळातली. भोकरठाण धरणात गेलं. माणसांनी आपापली घरं उचलली, दुसरीकडे गेली आणि वसली. आज त्यांतल्या कुणाचं काही अडलेलं नाही."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत महिपती उभाच होता. हे वाक्य त्याने कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते कुठून आलं ते त्याला कळलं नाही. टाळ्या थांबल्या तेव्हा ताडपत्रीवरून एक माणूस उठलेला त्याला दिसला.

"काय रे? बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय साहेब. मी भोकरठाणचा."

शेडच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला. महिपतीने टेबलाची कड धरली.

"मग सांग. मास्तर म्हणतात ते खरं का?"

भिमाजीने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"वसलो म्हनत्यात, ते खोटं न्हाई. मानूस कुटंबी वसतंय. मी हितं वसलोच की. मला येक इचारायचंय. मंगळावर समदी येकदम तर जायची न्हाईत. पयला कुनीतरी येक जाईल."

"अर्थात," महिपती म्हणाला.

"मग तितनं मागच्यास्नी निरोप यायला किती दीस लागतील?"

पुढचे बाबूलोक हसले. पण प्रश्न तारबाबूच्या प्रांतातला होता. आपण कुठल्या बाजूने बोलतो आहोत हे विसरून बजरंग उभा राहिला.

"दिवस कसले? बिनतारी यंत्राने धाडला तर तीन-चार मिनिटं. मी वाचलंय."

"तीन-चार मिंटं." भिमाजीने मान डोलवली. "मग जावं. आमास्नी कान्ह्याचा निरोप मिळाया दोन वर्सं लागली."

मोठा हशा झाला. अध्यक्षांनी डोळे पुसले. भिमाजी मुंडासं बांधत खाली बसला. महिपती मात्र टेबल धरून होता तसाच उभा राहिला. निरोप उशिरा आला, असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. निरोप आलाच नाही, असं धरून तो आठ वर्षं चालला होता.

हात वर करून मतं घेतली. मंगळावर जावं म्हणणारे अकरा निघाले, बाकी सगळे इथेच राहणार होते. अध्यक्षांनी दोघांनाही नारळ दिला, आरती झाली, खिरापत वाटली आणि माणसं पोती पांघरून बाहेर पडली.

भिमाजी ताडपत्री आवरत होता. महिपतीने नारळ बाकावर ठेवला आणि दुसरी दोन टोकं उचलली.

"निरोप आला होता?"

"जवळ आन." दोघांनी टोकाला टोक जुळवलं. "निरोप न्हाई. पाटील सोता आलता."

"कधी?"

"पानी चढलं त्याच्या दुसऱ्या साली. ज्यांची जमीन घ्यायची व्हती त्यांच्यात भावाभावांत भांडान लागलं, दावा कोर्टात गेला. तकडं सुटलं तवर हिकडं गाव बुडून गेलतं. मग पाटील फिरला दारोदार. कोन कुटं गेलंय त्याचा माग काढत. वडगाव केलं, पवनेकडची गावं केली, खाली खोपोलीपतूर उतरला. जागा धरलीय, चला, म्हनायचा."

"आणि कुणीच गेलं नाही?"

"कोन जातंय?" भिमाजीने घडीवर गुडघा दाबून हवा काढली. "माझ्याकडं आला तवा माझी बायकू विठाबाई दारात आडवी उभी. बस म्हनली न्हाई. मीबी न्हाई म्हनलो. लय राग व्हता. पाटलानं उभ्या उभ्या सांगितलं अन् गेला. आमी पान्याचं इचारलं न्हाई."

"राग गेल्यावर तरी..."

"राग गेल्यावर काय? पयल्यांदा घर उचलाया काय वाटत न्हाई, बाबा. मानूस म्हनतं, नवं बांदू. दुसऱ्यांदा उचलवत न्हाई. लेक हितं चालाया शिकली. माजी म्हातारी हितं गेली. आता ह्येच गाव."

सभेत 'म्हनत्यात' म्हणणारा हा माणूस आता त्याच्याशी भोकरठाणच्या शेजाऱ्यासारखा बोलत होता. महिपतीला खाली बघावंसं वाटलं.

"मला हे कुणी सांगितलं नाही, भिमाजीभाऊ."

"तू इचारलंस कुनाला? मागल्या फाटकानं जातोस अन् येतोस."

पुण्याकडच्या गाडीची घंटा झाली. भिमाजीने दंडावरचा पितळी बिल्ला सरळ केला आणि निघता निघता थांबला.

"पाटलाला येक सांग. म्हनावं, माझ्या वाटची जागा पेरा. रिकामी ठिवू नका."

"कसली जागा?"

भिमाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो ओझी उचलायला पळाला. गाडी फलाटात शिरत होती.

रविवारी सकाळी महिपती कामशेतला उतरला आणि रुळांच्या कडेने चालत कान्ह्याला आला. पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही अंगांना भात पोटरीत आलेला होता. वडिलांच्या शेतातही भात चांगला होता. फक्त मधला तीन-एक एकरांचा तुकडा नेहमीसारखा गवताचा. खाली खडक असेल, असं महिपती समजून चालला होता. विचारायची वेळ कधी आली नव्हती.

रखमाजी त्या तुकड्याच्या कडेला उकिडवे बसून विळ्याने गवत कापत होते. सत्तरीला आले होते. मुलगा असा अवेळी आलेला पाहून त्यांनी फक्त कपाळावरचा घाम पुसला.

"सुट्टी हाय?"

"रविवार आहे, आबा." महिपती बांधावर टेकला. "भिमाजीभाऊ भेटले."

विळा थांबला.

"बोलला?"

"बोलले. तुम्ही गेला होतात ते सांगितलं. सगळीकडे गेला होतात ते."

रखमाजींनी कापलेल्या गवताची मूठ बाजूला ठेवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? येळेवर गेलो न्हाई त्ये खरंच हाय की."

खाली रुळांवरून मालगाडी गेली.

"त्यांनी निरोप दिलाय," महिपती म्हणाला. "म्हणाले, माझ्या वाटची जागा पेरा."

रखमाजी गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गवतात शिरले. पावलं मोजल्यासारखे चालत गेले, एका ठिकाणी थांबले, चार पावलं डावीकडे सरकले.

"ही भिमाजीची. ही हितपतूर. त्याच्या अंगाला नथूची." त्यांनी विळ्याने दाखवलं. "मधी बोळ, भरली गाडी जाईल येवढा. तकडं कस्तुराबाई. तिची पडवी बोळात यायची, गाड्या अडायच्या, म्हनून तिला हात-दोन हात मागं घेतलंय. देऊळ त्या उंचवट्यावर. तितं पानी थांबत न्हाई."

महिपती त्यांच्यामागून गवतात आला होता. नथूचं घर भिमाजीच्या डाव्या हाताला. तसंच होतं. लहानपणी त्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर चढून तो चिंचा पाडत असे.

"मग पेरायची का भिमाजीभाऊंची?"

रखमाजींनी जागेकडे पाहिलं. शेतकरी बघतो तसंच, उताराचा अंदाज घेत पाहिलं.

"मधलीच कशी पेरायची?" ते म्हणाले. "भाताला पानी तुंबवाया लागतं. नथूच्या भिंतीला वल लागंल."

महिपतीने त्या नसलेल्या भिंतीच्या जागी पाहिलं आणि विचारलं, "आणि आपलं?"

"त्ये काय." रखमाजींनी बोळाच्या तोंडाशी बोट केलं. तिथेही गवतच होतं, गुडघ्याएवढं, दाट.

महिपतीने वळून बांधापलीकडच्या घराकडे पाहिलं. कुडाच्या भिंती, वर कौलं नव्हती, पेंढा होता. पाटलाचं घर असं का, म्हणून दर दिवाळीला त्याला लाज वाटत आली होती.

"मग ते घर?"

"त्ये येळ भागवाया बांदलंय," रखमाजी म्हणाले आणि पुन्हा खाली बसून गवताला लागले. "पयलं गावाचं होऊ दे. गवत मातलं की जागा वळखू येत न्हाई, म्हनून कापत ऱ्हातो."

महिपतीने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"दुसरा विळा कुटं हाय, आबा?"

"पडवीत, आढ्याला खोचलाय." तो सरळ घराच्या दिशेने निघाला तसे ते मागून ओरडले, "आरं, तिकडनं न्हाई. नथूच्या घरातनं कुटं चाललास?"

महिपती थांबला. मागे फिरला आणि बोळातून गेला.